लिस्बन ते अथेन्स, सहा तास

"आबा, लिस्बन टू अथेन्स डायरेक्ट फ्लाइट आहे. अठ्ठावीसशे पन्नास किलोमीटर. चार तास," ओवीने मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, आणि मी बशी ओठांपाशी तशीच धरून बसलो. बशीतल्या चहात वरचा पंखा फिरत होता. खाली सोसायटीत कोणीतरी गाडी धूत होतं, पाइपचं पाणी पत्र्यावर आपटत होतं, समोरच्या बिल्डिंगीत कुकरची तिसरी शिट्टी झाली. सगळं जागच्या जागी होतं. फक्त माझ्या आयुष्यातले दोन तास कोणीतरी अलगद उचलून नेले होते.

"चार?" मी म्हणालो.

"चार तास पाच मिनिटं, टू बी प्रिसाइज. तुम्ही तर कायम सहा म्हणता."

"तेव्हाची विमानं वाटेत थांबायची."

"कुठे?"

"ढगात. मागून घाईचं विमान येत असलं तर त्याला वाट द्यायला."

ओवी खिदळली. माझी ही नात बाणेरच्या कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरशी इंग्रजीत भांडते आणि रविवारी आमच्याकडे कर्वेनगरला येऊन माझ्या थापा ऐकते. तिला थाप थाप म्हणूनच आवडते. खरं-खोटं करायला तिच्याकडे मोबाइल आहे. पण वासंती हसली नाही. वासंती म्हणजे माझी बायको, शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेली. ती मटार सोलत होती. तिने हातातली शेंग पुरती सोलली, दाणे भांड्यात टाकले, साल वेगळी ठेवली आणि मग नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिचं असं पाहणं मला ओळखीचं आहे. वर्गात मुलगा नकाशात मद्रास शोधताना बोट काश्मीरकडे नेतो, तेव्हा ती त्याला अडवत नसे. जाऊ दे, कुठपर्यंत जातो बघू.

घाट ओवीचा होता. माझी पंचाहत्तरी झाली, त्याला साडी-चोळी, पेढ्यांची तुला वगैरे काही नको; आजी-आबांना युरोपला न्यायचं, आणि तेही कसं, तर आबांच्या गोष्टीतला प्रवास जसाच्या तसा करायचा. "रीक्रिएट करायची तुमची ट्रिप! आजीला त्याच रूटवर न्यायचं. विंडो सीट तुमची, मधली तिची." वासंती तेव्हा म्हणाली होती, "मधली सीट रिकामी असेल ना? नाहीतर कोणीतरी बसलेलं असायचं." ओवीला ते कळलं नाही. मला कळलं, पण मी न कळल्यासारखं केलं. या विद्येत मी वासंतीपेक्षा वरचढ आहे, असं मी तोपर्यंत समजत होतो.

त्या सहा तासांचं सगळं वेळापत्रक आमच्या सोसायटीत लहानथोरांना पाठ आहे. लिस्बनहून सकाळी दहाला निघायचं, अथेन्सला दुपारी चारला उतरायचं. पहिल्या तासात स्पेन संपतो. दुसऱ्यात जेवण येतं, त्यात एक ऑलिव्ह असतं, ते मी जर्दाळू समजून तोंडात टाकतो आणि आठळी कुठे टाकायची हे विचारायला इंग्रजी सुचत नाही म्हणून ती अथेन्सपर्यंत गालात धरून बसतो. तिसऱ्या तासात वैमानिक स्वतः बाहेर येतो, कोणाकडे सुईदोरा आहे का विचारतो, त्याच्या कोटाचं बटण तुटलेलं असतं. चौथ्यात सिसिलीचा ज्वालामुखी येतो आणि विमान त्याला एक प्रदक्षिणा घालतं, कारण वैमानिकाच्या आईचा तसा नवस असतो. कधी एक, कधी तीन. ऐकणारा किती भाविक आहे त्यावर. आणि मग पाचवा आणि सहावा तास. या दोन तासांत काहीच घडत नाही. शेजारी एक ग्रीक बाई बसलेली आहे. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. ती रुमालाच्या गाठीतून भाजलेले हरभरे काढते, तळहातावर घेते, दुसऱ्या तळव्याने चोळते, फुंकर मारते. टरफलं पुढच्या गृहस्थाच्या टकलावर जाऊन बसतात. आणि ती हात माझ्यापुढे करते. डाव्या हाताच्या अंगठ्याखाली भाजल्याचा जुना डाग, चंद्राच्या कोरीसारखा. दोन तास ती चोळते, फुंकते, देते, मी खातो. बाहेर नुसतं ऊन आणि निळं पाणी. गोष्ट इथे आली की माझा आवाज आपोआप खाली येतो, हसणारी माणसं हसायची थांबतात, आणि एकदा तर वरच्या मजल्यावरचे वैजनाथराव, जे माझ्या कुठल्याही गोष्टीला "बंडल!" म्हणून दाद देतात, तेसुद्धा उगीच घसा साफ करून म्हणाले, "मग? पुढे?" पुढे काही नाही. पुढे अथेन्स.

आता खरं सांगतो. मी लिस्बनला गेलो नाही. अथेन्सलाही नाही. मी आजवर ज्या विमानात बसलोय ते संभाजी बागेजवळ फोटो काढणाऱ्याकडे होतं, पुठ्ठ्याचं. सत्त्याहत्तर साली मी लक्ष्मी रोडवरच्या एका प्रवासी कचेरीत कारकून होतो. लोकांचे पासपोर्टचे फॉर्म भरून द्यायचे, हे माझं काम. तिकिटांचं टेबल वेगळं, तिथले लोक आमच्याशी बोलतसुद्धा जरा वरून. त्या फेब्रुवारीत मालक पुण्यातल्या वीस-बावीस प्रतिष्ठितांना बारा दिवस युरोप दाखवायला नेणार होते आणि त्यांच्या बॅगा मोजायला एक माणूस हवा होता. तो मी. तेव्हा पुण्यात कोणी परदेशी निघालं की वर्तमानपत्रात 'परदेशगमन' या मथळ्याखाली त्याचा फोटो छापून येत असे. माझाही आला. टाय शेजाऱ्याचा, कोट फोटोग्राफरचा, चेहरा तेवढा माझा. स्वारगेटला मला पोचवायला सदतीस माणसं आली होती. मावशीने तळहातावर दही ठेवलं, कोणीतरी नारळ दिला, आमच्या आळीतल्या बद्रीनाथ नावाच्या घड्याळजीने स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हाताला बांधलं आणि म्हणाला, "तिकडची वेळ लावून आण." मुंबईत विमानतळावर मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवला तेव्हाच मी ओळखलं, कारण त्यांना तशी सवय नव्हती. त्यांचा भाचा जाणार होता. "तुमचं पुढच्या वर्षी नक्की बघू." त्या पुढच्या वर्षाची वाट मी निवृत्त होईपर्यंत पाहिली.

सामान उचलायला आमच्या कचेरीचा शिपाई गेनबा सोबत आला होता. परतीच्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला. माझ्या मांडीवर हार होता, सुकायला लागलेला, आणि पिशवीत तिकिटांच्या टेबलावरून वाचायला म्हणून मागून आणलेलं जगातल्या विमानांच्या वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक. घरी कसं जायचं? सदतीस माणसं, दही, फोटो. मेलेला माणूस तिरडीवरून उठून बसला तर लोकांना आनंदापेक्षा संकोच जास्त होईल, तसं झालं असतं. पुणे स्टेशनला गेनबाने माझी बॅग उचलली, हार खिडकीबाहेर टाकला आणि म्हणाला, "सायेब, बारा दिस माझ्याकडं चला. वाघोलीला कोण वर्तमानपत्र वाचतंय." वाघोली तेव्हा गाव होतं, रस्त्यावरून आत वळलं की ज्वारी, मधून पांदीची वाट, आणि भर दुपारी त्या वाटेवरून तोंडाला उपरणं गुंडाळून चाललेला मी. घरात शिरताना गेनबा बायकोला म्हणाला, "हे आमचं सायेब. फारिनवरनं आल्यात. हवा बाधलीया." मला वाचवायला म्हणून त्या सरळ माणसाने आयुष्यात बहुधा ती एकच थाप मारली, आणि माझ्या सगळ्या थापा तिच्या पोटातून आल्या.

कारण बायकोने विचारलं. सोजरबाई तिचं नाव. गेनबा सकाळी सायकलवरून कचेरीत जायचा तो दिवस कलल्यावर यायचा. मी लिंबाखाली बाजेवर पडून असायचो. लोहगावची लढाऊ विमानं डोक्यावरून जायची, आधी विमान दिसायचं आणि आवाज मागून धावत यायचा, म्हशी कान हलवायच्या. हुरड्याचे दिवस होते. संध्याकाळी आगटी पेटली की मला बोलावणं यायचं. शेणाच्या गोवऱ्यांचा धूर, राखेत भाजलेली कणसं, त्यांचा तो हिरवट-गोड वास. अजून कुठे तसा वास आला की मला आधी लाज वाटते आणि मग सुख. "आसं सांगा," सोजरबाई म्हणाली, "त्या मुलखात समद्यात लांब विमानात कुटं बसला हुता?" मी पुस्तक उघडलं. दौऱ्याचा शेवटचा टप्पा लिस्बनहून अथेन्स होता, ते पान मी दुमडून ठेवलं होतं. निघणार दहा, पोचणार सोळा. मी म्हणालो, सहा तास. "सा तास!" ती म्हणाली, "मंग वाटंत भुका लागत आसतील की." आणि तिने कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली, फोलपटं आगटीत उडाली, ठिणग्या झाल्या, आणि तो हात माझ्यापुढे आला. दाणे गरम होते. मी एकेक उचलत होतो, सगळे एकदम घेतले असते तर हात मागे गेला असता.

बस, एवढंच. एवढंच असलेली गोष्ट माणूस पन्नास वर्षं का वाहतो, हे मला विचारू नका. बाराव्या दिवशी मी स्टेशनवर गेलो, मुंबईहून आलेल्या एसटीतून उतरलेल्या लोकांत मिसळलो आणि घरी आलो. भाच्याने ओशाळून दिलेली चॉकलेटं वाटली. बद्रीनाथाला घड्याळ परत दिलं. त्याने पाहिलं, काटे पुण्याचेच होते, किल्ली दिली आणि मनगटाला बांधलं. एकदा पासपोर्ट दाखवा म्हणून कोणीतरी हटून बसलं तेव्हा मी तो पानशेतच्या पुरात वाहून गेल्याचं सांगितलं, आणि वासंतीने शांतपणे दुरुस्ती केली की तो पूर एकसष्ट सालचा. तरी आम्ही दोघं हसलो. पुढे दोन वर्षांनी मला तिकिटांच्या टेबलावर बसवलं तेव्हा पहिल्याच दिवशी कळलं, की त्या पुस्तकात प्रत्येक गावची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. अथेन्सचं घड्याळ लिस्बनच्या दोन तास पुढे. म्हणजे विमान उडतं चारच तास. मी ज्या दोन तासांत त्या बाईला बसवलं होतं, ते कुठल्याच आभाळात नव्हते. दुपारभर मी त्या पानावर हात ठेवून बसलो. पण तोपर्यंत गोष्ट सांगून झाली होती, लग्नही झालं होतं, आणि त्या बाईला खाली उतरवायचं तर कुठे उतरवणार?

लग्नही त्याच गोष्टीतून झालं. तेव्हा परदेशी जाऊन आलेल्याने शाळाशाळांतून भाषणं द्यायची, अशी पद्धतच होती. वासंतीच्या शाळेत मी छडी घेऊन नकाशासमोर तासभर बोललो. चोवीस वर्षांची, चष्म्याची, सरळ भांगाची एक बाई आभार मानायला उठली आणि म्हणाली, "पाहुण्यांनी आज आपल्याला भूगोलाच्या पुस्तकात नसलेला युरोप दाखवला." टाळ्या झाल्या. मी ते वाक्य अठ्ठेचाळीस वर्षं कौतुक म्हणून खिशात घालून फिरलो.

पुढच्या रविवारी ओवी व्हिसाच्या एजंटाकडचे फॉर्म घेऊन आली आणि "भरून ठेवा, मी जरा पार्लरला जाऊन येते" म्हणून गेली. आता फॉर्म हा माझा प्रांत. हजारो भरले. माझा एक नियम होता: तोंडाने माणसाने वाटेल ते बोलावं, फॉर्मवर खोटं लिहू नये, तोंड पुसता येतं. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, आणि अकराव्या रकान्याशी आलो. यापूर्वी परदेश प्रवास केला आहे का? असल्यास देश व तारखा. मी पेन टेकवलं. डायनिंग टेबलाच्या काचेखाली वासंतीने जगाचा नकाशा घातलेला आहे, त्यावर लिस्बन कुठे ते मला न बघता बोट ठेवून दाखवता येतं, तिथल्या कागदाला जरा पिवळेपणा आलाय. स्वयंपाकघरात नळ बंद झाला. पदराला हात पुसत वासंती मागे येऊन उभी राहिली, हे मला तिच्या श्वासावरून कळलं, आणि कळल्यावर मी लिहिलं, नाही.

"बरोबर," ती म्हणाली.

"काय बरोबर?"

"उत्तर. अक्षरही छान आलंय."

"वासंती, तुला—"

"अहो, मी भूगोल शिकवत होते. पंधरा अंशांना एक तास. तुम्ही तिकडे छडी आपटत सहा तास, सहा तास म्हणत होतात तेव्हा मी मागच्या बाकावर वजाबाकी करत होते. विमानात बसलेल्या माणसाला चार तास लागतात. सहा फक्त वेळापत्रक वाचणाऱ्याला लागतात."

मी पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. पंचाहत्तराव्या वर्षी माणसाच्या अंगावरून परदेश काढून घेतला की किती उघडं वाटतं, हे मला ठाऊक नव्हतं. "मग लग्न कशाला केलंस?"

"थापाड्या चालणार होता. कंटाळवाणा चालला नसता." ती खुर्ची ओढून समोर बसली, चष्मा काढून नकाशावर ठेवला, बरोबर अटलांटिकमध्ये. "एकच गोष्ट विचारायची राहिली. आधी वाटलं, सांगाल. मग वाटलं, विचारणं बरं दिसत नाही. मग इतकी वर्षं झाली की विचारलं तर मीच हास्यास्पद. पण आता त्याच वाटेने मला नेताय, तर विचारते. बारा दिवस कुठे होतात?"

"म्हणजे?"

"आणि कोणाकडे होतात? हे बघा, त्या गोष्टीतला वैमानिक दर वेळी बदलतो. ज्वालामुखीच्या प्रदक्षिणा बदलतात. ऑलिव्हचं एकदा तुम्ही लोणचं केलं होतंत. बदलत नाही ती बाई. तिच्या अंगठ्याखालचा डाग तुम्ही अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाही उजव्या हातावर नेला नाहीत. बाकी सगळं बंडल आहे, ती बाई नाही. मी सगळ्यांबरोबर हसत आले, पण गोष्ट पाचव्या तासाला आली की उठून चहा टाकायला जाते. तुमच्या कधी लक्षात आलं?"

आलं नव्हतं. दर वेळी त्या ठिकाणी चहा येतो एवढं आलं होतं. मला वाटायचं, गोष्टीला दाद.

"वाघोलीला होतो," मी म्हणालो. "आपल्या कचेरीतल्या गेनबाकडे."

ती हसली, पण असं की हसली नसती तर बरं. "वाघोली? अहो, निदान लोणावळा तरी म्हणायचं."

"खरंच. हुरडा खात होतो."

"बारा दिवस?"

"आणि म्हशी होत्या."

"इतकी अळणी थाप तुम्ही कधी मारली नव्हतीत," ती म्हणाली आणि तिचा आवाज पहिल्यांदा जरा फाटला. "माझ्यासाठी निदान मेहनत तरी घ्यायची होती." मग तिने स्वतःचा फॉर्म उचलला, चार घड्या घालून पर्समध्ये टाकला. "माझी सही नाही. आधी वाघोली दाखवा. मग लिस्बन."

त्या आठवड्यात मी नीट झोपलो नाही. आयुष्यभर जे सांगितलं ते लोकांनी घेतलं, आणि एकुलती एक खरी गोष्ट हातात घेऊन उभा राहिलो तर गिऱ्हाईक नाही. भीती दुहेरी होती. तिथे गेलो आणि काहीच सापडलं नाही, तर वासंती मनातल्या त्या दुसऱ्या बाईसकट म्हातारी होईल. आणि सापडलं तर? मी तिकडे पुन्हा गेलोच नव्हतो. गेनबा निवृत्त झाला, पुढे वारला, मला महिन्याने कळलं, मी कामाचं निमित्त सांगितलं. खरं निमित्त असं होतं, की तिथे तो हात होता आणि मला त्याच्यापुढे काय म्हणून उभं राहायचं ते माहीत नव्हतं. शोधायला मात्र कष्ट पडले नाहीत. वर्षापूर्वी वर्तमानपत्रात, जिथे पूर्वी परदेशगमनाचे फोटो यायचे साधारण त्याच कोपऱ्यात, एक जाहिरात होती: गेनबा हाइट्स, वाघोली, दोन व तीन बीएचके. ती मी कापून ठेवली होती. कशासाठी, ते विचारायला तेव्हा कोणी नव्हतं.

गेनबा हाइट्सच्या अकराव्या मजल्यावर दार उघडलं ते निशाने, सोजरबाईच्या नातसुनेने. लांब हॉल, भिंतभर टीव्ही, काचेच्या कपाटात पितळी नांगर. लिंब नाही, पांद नाही. लिंब असलाच तर आता खाली पार्किंगच्या तिसऱ्या खांबाच्या जागी असणार, असं मी मनाशी ठरवलं. गॅलरीत वेताच्या खुर्चीवर एक वाळकी म्हातारी बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा. "कोण आलंय?"

"मी यज्ञेश्वर," मी म्हणालो. "गेनबाच्या हापिसातला."

ती खुर्चीचे हात धरून अर्धी उठली. "फारिनचं पाव्हणं! निशा, आगं बग की, म्या म्हणत न्हवते व्हय? ह्येच ते!" मग माझ्यामागे कोणीतरी आहे हे तिला जाणवलं. "ह्या कोण? मालकीण? बसा, बसा बाई." तिने वासंतीचा हात धरून शेजारी बसवलं आणि तिला सांगायला लागली, जणू मी तिथे नव्हतोच. "तुमचं मालक इमानातनं उतरून थेट आमच्या रानात आलं हुतं. हवा बाधली हुती. बारा दिस बाजंवर पडून. आन रोज सांजच्याला आगटीपाशी मला फारिन सांगायचं. लिस्बनवरनं अथेन्स, सा तास! माझी समदी नातवंडं त्यावर निजली." निशा हसू दाबत म्हणाली, "आजींचं हे रोजचं आहे. आमचे हे म्हणतात, आजी, कोणीतरी तुला गंडवलंय." म्हातारी उसळली. "ऱ्हाऊ दे त्येचं! त्यो माजा नातू पियुष मोबाइलात बगून मला सांगतोय, चार तास. म्या म्हनलं, तू गेला हुतास का? ह्ये गेलं हुतं. आमचं धनी मरेस्तवर म्हनत हुते, सायेब फारिनला जाऊन आलं हुतं. धनी कदी खोटं बोललं न्हाईत. सांगा बाई, तुमी शिकल्याली. गेलं हुतं का न्हाई?"

मी गॅलरीचा कठडा धरला. माझ्या थापेने माझ्याच खऱ्याचा गळा धरला होता. दूर लोहगावच्या बाजूने एक प्रवासी विमान पोट दाखवत वर चढत होतं. मी वासंतीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. बोलता बोलता सोजरबाईने समोरच्या वाटीतले भाजके शेंगदाणे तळहातावर घेतले होते, दुसऱ्या तळव्याने चोळले होते, फुंकर मारली होती, आणि लाल सालं अकराव्या मजल्यावरून वाघोलीवर उडत चालली होती. तो हात वासंतीपुढे होता. डावा. अंगठ्याखाली सुरकुत्यांत अर्धी बुडालेली चंद्राची कोर.

वासंतीने किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही. तिने चष्मा वर सरकवला. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाचं बोट नकाशावर भटकत भटकत अचानक बरोबर गावावर येतं, तेव्हा तिचा चेहरा असाच होत असणार. मग तिने दाणे घेतले, एकेक.

"गेले होते," ती म्हणाली. "मी भूगोलाची शिक्षिका. मला माहीत आहे."

"आन सा तास?"

"सहा," वासंती म्हणाली. "बरोबर सहा." जिने आयुष्यात कोणाला अर्धा मार्क जास्त दिला नव्हता, तिची ती पहिली थाप, आणि ती मारताना तिची पापणीसुद्धा लवली नाही. इतकी वर्षं एका घरात राहून ही कला तिने कुठे लपवून ठेवली होती?

परतीच्या टॅक्सीत ड्रायव्हरच्या मोबाइलने सांगितलं: कर्वेनगर, एकवीस किलोमीटर, दोन तास. नगर रस्त्यावर गाड्या एकमेकींना लागून उभ्या होत्या, डंपर, कॉलेजच्या बस, दूधवाले, एक नवरदेवाची सजवलेली गाडी. पंधरा मिनिटांत आम्ही एका पेट्रोल पंपासमोरून त्याच पेट्रोल पंपासमोर आलो. वासंती खिडकीबाहेर बघत होती. हातात अजून दोन दाणे होते.

"हात सुंदर आहेत तिचे," ती म्हणाली.

"म्हातारे झाले आता."

"मी आत्ताचं म्हणत नाहीये."

पुढची गाडी चार बोटं सरकली, आम्हीही सरकलो. "वासंती, काही झालं नव्हतं."

"ते माहीत आहे. झालं असतं तर तुम्ही ते गोष्टीत घातलं नसतंत." तिने एक दाणा तोंडात टाकला, दुसरा माझ्या हातावर ठेवला. "आता सांगा. पाचव्या तासापासून. इथे मला चहा टाकायला जाता येत नाही."

मी सांगितलं. एसटी, हार, उपरणं, लिंब, कान हलवणाऱ्या म्हशी, विमानाच्या मागून धावत येणारा आवाज, गोवऱ्यांचा धूर. काही वाढवलं नाही. वाढवायला हात शिवशिवत होते, एखादी म्हैस उडवावी असं फार वाटलं, पण नाही उडवली. ती मधेच विचारायची, वारा कुठून होता, बाज कुठल्या दिशेला होती, आणि मला सगळं येत होतं. दाणे एकेक उचलत होतो हे सांगितलं तेव्हा ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. खराडी गेली, येरवडा गेला. पुलावर सगळं पुन्हा ठप्प झालं. तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, पर्स उघडली, चार घड्यांचा फॉर्म काढून गुडघ्यावर सपाट केला.

"विमानाचे चार," ती म्हणाली. "आणि हे दोन. सहाच होतात की हो तुमचे."

मग माझ्या खिशातलं पेन काढून घेऊन तिने सही केली. गाडी इतकी स्थिर उभी होती की एकही अक्षर हललं नाही.